साहेबांच्या वाटची चूक

पत्र चार ओळींचं होतं. एका इमारतीतल्या लिफ्टचा दोर बदलायचा आहे, म्हणून ती दोन दिवस बंद राहील, इतकंच तिथल्या लोकांना कळवायचं होतं. तेच पत्र साहेबांच्या टेबलावरून सातव्यांदा परत आलं, तेव्हा पत्रवालीने कपाळावर हात मारून घेतला.

पत्रवाली म्हणजे लिफ्ट बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एका कंपनीत गिऱ्हाइकांना पत्रं लिहिणारी बाई. आईबापांनी ठेवलेलं नाव तिलाही होतं, पण ऑफिसात ते हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं. चार वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा तिने एका दमात लिहिलेलं पत्र जसंच्या तसं बाहेर पडायचं. मग दोन वर्षांपूर्वी तिच्यावर नवे साहेब आले, आणि त्यानंतर तिचं एकही पत्र पहिल्या फेरीत सुटलं नव्हतं.

या साहेबांना पाठीमागे सगळे खाडाखोडसाहेब म्हणत. अंगाने काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री, खिशात तीन लाल पेनं. एक लिहायला आणि दोन ऐनवेळी घात होऊ नये म्हणून. समोर कागद आला की ते टेबलाच्या खणातून लाकडी पट्टी काढत, ती पहिल्या ओळीखाली ठेवत आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचत. वाचताना त्यांचे ओठ हलत. समोर उभ्या माणसाचा जीव त्या पट्टीबरोबर खाली खाली सरकायचा.

पत्रवालीने त्या दिवशी सातही कागद टेबलावर ओळीने मांडले. पहिला आणि सातवा शेजारी ठेवले. मग उठून साहेबांकडे गेली.

"सर, हे सातवं पत्र म्हणजे मी सोमवारी आणलेलंच पत्र आहे. शब्दन् शब्द तोच. फक्त तारीख वरची खाली आलीय."

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. त्यांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही.

"असेल," ते म्हणाले. "पण सोमवारी ते नुसतं लिहिलेलं होतं. आज ते तपासलेलं आहे."

पत्रवाली परत जागेवर आली. तिच्या समोरच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारे मामा बसायचे. तीस वर्षं एकाच खुर्चीवर काढलेला माणूस. ते सगळ्या ऑफिसचे मामा होते. त्यांनी पत्रावर जावक क्रमांक टाकला आणि हळूच म्हणाले, "पोरी, दोर बदलून झाला सुद्धा. मेकॅनिक कालच काम उरकून आला."

घरी पत्रवाली आणि तिची आत्या अशा दोघीच. दोन खोल्या, त्यातली पुढची आत्याच्या शिलाई मशीनची. आत्याने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते आणि अजूनही हाताला चैन पडत नाही म्हणून काही ना काही शिवत असायची. त्या संध्याकाळी पत्रवालीने चपला काढता काढता जी सुरुवात केली ती चहा संपेपर्यंत थांबली नाही. साहेबांची पट्टी, साहेबांचे ओठ, सात कागद, सगळं झालं. आत्या मशीनवर खाली मान घालून ऐकत होती. शेवटी तिने दातांनी दोरा तोडला आणि खुदकन हसली.

"हसतेस काय? माझा इकडे जीव जातोय."

"अगं, मला माझी डॉक्टरीणबाई आठवली. तिचे पांढरे कोट मी शिवायची. पहिले तीन कोट तिने पाच पाच वेळा परत आणले. चूक काय, तर 'खांदा कसातरीच वाटतोय.' आता कसातरीच म्हणजे काय? सैल असला तर घट्ट करता येतो, घट्ट असला तर सैल करता येतो. कसातरीच असला तर काय करायचं?"

"मग काय केलंस?"

"चौथ्या कोटाचं एक बटण नुसतं दोऱ्यावर लटकत ठेवलं. बाईने कोट हातात घेतला, बटण पाहिलं, आणि अशी खुलली म्हणतेस! 'हे बघा, हे बघा, लक्षच नसतं तुमचं!' मी म्हटलं, चुकलंच बाई. तिच्यासमोर दोन टाके घातले. कोट घेऊन गेली. खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे अकरा वर्षं तिचे कोट शिवले मी. दर कोटाला एक बटण तिच्या वाटचं."

"आणि तिला कधीच कळलं नाही?"

"कळलं असेल तर बोलली नाही. इतकं नीट बटण लटकवणारी तिला दुसरी कुठे मिळणार होती?"

झोपायच्या आधी दात घासताना पत्रवाली आरशात स्वतःशीच हसली.

दुसऱ्या दिवशी एका शाळेला पत्र जायचं होतं. 'सदर लिफ्टची तपासणी बुधवारी होईल' असं साधं वाक्य होतं. पत्रवालीने 'सदर सदर लिफ्टची' असं टाइप केलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. पट्टी पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आली आणि थांबली. साहेबांचे ओठही थांबले.

"दोनदा सदर!" साहेब म्हणाले. "दोनदा! अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?"

"चुकलंच सर."

लाल पेन निघालं. एक सदर उडालं. आणि मग जे घडलं ते पत्रवालीने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. साहेबांनी पट्टी उचलली, खणात ठेवली, उरलेल्या तीन ओळींकडे न बघता खाली सही केली आणि म्हणाले, "एवढं सुधारा आणि पाठवून द्या."

ती जागेवर येऊन बसली तेव्हा मामांनी विचारलं, "परत?"

"नाही मामा. सही."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या सहीकडे दोनदा पाहिलं. मग पत्रवालीने त्यांना बटणाची गोष्ट सांगितली. मामा इतके खूश झाले की हसू दाबताना त्यांना ठसका लागला.

त्या दिवसापासून दर पत्रात एक चूक साहेबांच्या वाटची ठेवायची, असा नेम झाला. त्याचे नियमही ठरले. चूक एकच हवी. ती पहिल्या दोन ओळींत हवी, म्हणजे पट्टी लवकर थांबते. आणि चुकून तशीच बाहेर गेली तरी कुणाचं नुकसान होऊ नये. सुरुवातीला पत्रवाली साध्या चुका करायची. मग हात बसला तशी तिला त्यात गोडी वाटू लागली. 'लिफ्ट तळमजल्यावर उभी राहील' याऐवजी 'लिफ्ट तळमळल्यावर उभी राहील.' 'नम्र विनंती' ऐवजी 'नर्म विनंती.' एका पत्रात तिने 'गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' याच्या जागी 'गैरसोयीबद्दल आम्ही दिलदार आहोत' असं लिहिलं, तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धवट उठलेच.

"दिलदार? अहो, त्यांची गैरसोय होणार आणि आपण दिलदार?"

"घाईत झालं सर."

"घाई! या घाईनेच भाषेची वाट लागली आहे." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की पत्रवालीला, का कोण जाणे, बरं वाटलं.

सकाळी दहाच्या सुमाराला ती मामांना विचारायची, "आज साहेबांना काय वाढायचं?" मामा आवक-जावकची वही पुढे ओढून विचार करत. कधी ते स्वतः एखादी चूक सुचवत आणि ती पसंत पडली की दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत. पत्रं भराभर जाऊ लागली. दोर बदलायच्या आधी दोर बदलण्याचं पत्र पोहोचू लागलं. पत्रवाली साडेपाचच्या ठोक्याला पर्स उचलून घरी जाऊ लागली. आणि साहेब? साहेब अंगाने जरा भरले. चहाच्या वेळी ते दुसऱ्या विभागातल्या लोकांना गाठून सांगू लागले, "काल काय सापडलं ऐका..."

असे चौदा महिने गेले. मग वर्षाचे अहवाल आले.

दर वर्षी प्रत्येक साहेब आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल एक पानभर लिहीत असे, आणि ते पान त्या माणसाला वाचून सही करायला मिळत असे. आदल्या वर्षी साहेबांनी पत्रवालीबद्दल 'काम समाधानकारक' एवढंच लिहिलं होतं. या वर्षी पान भरलं होतं. 'पत्रलेखनात चुकांचं प्रमाण फार. जवळजवळ प्रत्येक पत्रात किमान एक चूक आढळते. चुका बालिश स्वरूपाच्या. वारंवार समज देऊनही फरक नाही. देखरेखीशिवाय कोणतेही काम सोपवू नये.'

पत्रवालीने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्यांदा ते मावळलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पंचाहत्तर 'सदर', एक 'दिलदार', सगळं लाल शाईत फायलीला लागलेलं होतं, आणि त्या प्रत्येकाखाली तिच्याच अक्षरातली तारीख होती.

"बटण त्यांनी लावून घेतलं," ती घरी येऊन आत्याला म्हणाली, "आणि शिंपीण वाईट आहे म्हणून गावभर सांगितलं."

आत्याने मशीन थांबवलं. "हे माझ्या लक्षात नाही आलं गं," ती म्हणाली. "माझ्यावर कुणी अहवाल लिहीत नव्हतं."

पत्रवाली दोन दिवस घुश्शात होती. चुका करणं बंद करावं तर पट्टी परत शेवटच्या ओळीपर्यंत जाणार आणि सात फेऱ्या सुरू होणार. चालू ठेवावं तर पुढच्या वर्षीही हेच पान. तिसऱ्या दिवशी तिला तोड सुचली. ती मामांना म्हणाली, "आता मी चूक करणारच नाही. चुकीचं काही लिहायचं नाही, फक्त जास्तीचं लिहायचं. एक अख्खं आगाऊ वाक्य. ते त्यांनी खोडावं. खोडायला मिळालं की झालं. पण त्याला चूक म्हणता येणार नाही."

"आगाऊपणा म्हणता येईल," मामा म्हणाले.

"म्हणू देत. आगाऊपणा बालिश नसतो."

नेमकं त्याच आठवड्यात मोठं काम आलं. कंपनी सांभाळत होती त्या सगळ्या लिफ्टमध्ये, म्हणजे तीनशे चाळीस लिफ्टमध्ये, नवी सूचनापाटी लावायची होती. लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाने काय करावं, ते त्या पाटीवर लिहायचं होतं. पत्रवालीने मजकूर मनापासून लिहिला. घाबरू नका. घंटेचं बटण दाबा. दार स्वतः उघडायचा प्रयत्न करू नका. आतमध्ये हवा येत राहते. आमचा माणूस निघाला आहे. हे सगळं नीट लिहून झाल्यावर तिने शेवटी साहेबांच्या वाटचं वाक्य घातलं: 'तोवर आरशात पाहून केस सारखे करावेत. एवढा निवांत वेळ पुन्हा मिळणार नाही.'

मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे खोडताना साहेबांचं पेन मोडेल."

ती कागद घेऊन गेली. साहेबांनी पट्टी काढली आणि सगळ्यात वरच्या मथळ्याखाली ठेवली. ओठ हलले. थांबले. पट्टी तिथेच राहिली. साहेबांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"हे काय लिहिलंय?"

पत्रवाली गोंधळली. मथळ्यात तिने काहीच ठेवलं नव्हतं. तिने वाकून पाहिलं. 'लिफ्टमध्येच थांबल्यास'.

"लिफ्टमध्येच थांबल्यास!" साहेब म्हणाले. "कोण थांबल्यास? माणूस? माणूस लिफ्टमध्येच थांबला तर काय करावं, याची पाटी लावणार आहोत आपण? अहो, लिफ्ट, मग जागा, मग मध्येच! लिफ्ट मध्येच थांबल्यास! एका जागेने केवढा अनर्थ!"

पत्रवालीचे कान तापले. ही चूक तिची होती. खरीखुरी, तिच्या नकळत झालेली, चौदा महिन्यांतली पहिली.

"सर, खरंच लक्षात नाही आलं."

"येणार नाहीच," साहेब अत्यंत प्रेमाने म्हणाले. लाल पेनाने त्यांनी दोन शब्दांमध्ये एक उभी रेघ मारली, पेन मागे घेऊन ती रेघ लांबून पाहिली, आणि पट्टी खणात टाकली. खाली सही केली. "छपाईला पाठवा."

त्या चुकीच्या लाजेत पत्रवाली इतकी बुडाली होती की तिने जागेवर येऊन मथळा सुधारला आणि कागद तसाच छपाईला पाठवून दिला. शेवटच्या वाक्याची आठवण तिला अकरा दिवसांनी झाली, मेकॅनिकने उरलेल्या पाट्यांचा खोका मामांच्या टेबलावर आणून आपटला तेव्हा.

"तीनशे बारा लावल्या," मेकॅनिक म्हणाला. "या राहिल्यात. पण बाई, पाटी झकास लिहिलीय हं. लोक हसतात."

मामांनी खोक्यातली एक पाटी काढली. खालपर्यंत वाचली. मग ती पत्रवालीकडे वळवून धरली. चांगल्या जाड पत्र्यावर, निळ्या अक्षरांत, सगळ्यात खाली केस सारखे करायला सांगितलेलं होतं.

त्याच दुपारपासून पत्रं येऊ लागली. पहिलं एका दवाखान्याच्या इमारतीतून: 'पाटी मिळाली. आमच्या लिफ्टमध्ये आरसा नाही. तो कधी बसवणार?' दुसऱ्या दिवशी आणखी सहा, सगळी आरशाबद्दल. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'मला गेली वीस वर्षं केस नाहीत. माझ्यासारख्याने त्या वेळात काय करणं अपेक्षित आहे, ते कृपया कळवावं.' मामा प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक टाकत होते आणि एका वेगळ्या फायलीत ठेवत होते. साहेबांच्या टेबलावर यातलं एकही त्यांनी जाऊ दिलं नाही. पण हे किती दिवस चालणार होतं? पाचव्या दिवशी सकाळी एका मोठ्या विमा कचेरीच्या व्यवस्थापकाने थेट मोठ्या बाईंना फोन केला. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. त्या व्यवस्थापकाने विचारलं, ही थट्टा आहे का? बाईंनी निरोप पाठवला: पाटीच्या मजकुरावर ज्यांची सही आहे त्यांनी तीन वाजता वर यावं.

साहेब पाटी हातात घेऊन पत्रवालीच्या टेबलाशी आले. आजवर ते कधी कुणाच्या टेबलाशी आले नव्हते. त्यांचा चेहरा पाटीसारखाच झाला होता, पांढरा आणि निळा.

"मी हे वाक्य वाचलंच नाही," ते म्हणाले.

पत्रवालीने त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं की आता गप्प बसावं. सही त्यांची होती. अहवालात त्यांनीच लिहिलं होतं की देखरेखीशिवाय काम सोपवू नये, म्हणजे देखरेखही त्यांचीच. तिने नुसतं 'अरेरे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण साहेबांची बोटं पाटीच्या कडेवरून उगाच फिरत होती, आणि त्या बोटांकडे बघून तिला ते जमेना.

"सर, बसा," ती म्हणाली. "ते वाक्य तुमच्या वाटचं होतं."

"माझ्या वाटचं?"

मग तिने सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, बटण, सदर सदर, सगळं. मामा आवक-जावकच्या वहीत डोकं घालून बसले होते, पण त्यांचं पेन हलत नव्हतं. संपल्यावर साहेबांनी विचारलं, "किती दिवस?"

"चौदा महिने."

"तळमळल्यावर?"

"हो."

"दिलदार?"

"तोही."

साहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "दिलदार मी घरी सांगितला होता. बायको खूप हसली होती."

पत्रवालीला वाटलं, आपण जमिनीत शिरावं.

"मी पूर्वी छापखान्यात होतो," साहेब पाटीकडे बघत म्हणाले. "मुद्रितं तपासायचो. एकोणीस वर्षं. चांगला होतो मी. छापखाना बंद झाला, मग इथे लागलो. इथे माणसं सांभाळायची. ते काही मला येत नाही. मला एकच गोष्ट येते." मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "आणि 'लिफ्टमध्येच'?"

"तो नाही सर. तो माझा खरा."

"खरा? म्हणजे मुद्दाम नाही?"

"अगदी खरा. मला लाज वाटली त्याची. त्या लाजेतच तर शेवटचं वाक्य राहून गेलं."

साहेबांच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "तो वाचताना हाताला वेगळाच लागला होता."

तीन वाजता दोघंही वर गेले. पत्रवालीला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून गेली. जाताना मामांनी तिच्या हातात वेगळी ठेवलेली फाईल दिली.

मोठ्या बाई स्वतः इंजिनिअर होत्या. तरुणपणी वडिलांबरोबर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून त्यांनी ग्रीस लावलं होतं, आणि बोलताना त्या अजूनही कामापुरतंच बोलत. पाटी त्यांच्यासमोर होती.

"हे कुणी लिहिलं?"

पत्रवालीने तोंड उघडलं, पण साहेब आधी बोलले. "वाक्य यांचं. सही माझी. मी शेवटपर्यंत वाचलं नाही."

"का?"

"वर एक चूक सापडली होती. तेवढ्यावर माझं समाधान झालं."

बाईंनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी फाईल ओढून घेतली आणि वाचायला लागल्या. केस नसलेल्या गृहस्थांपाशी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. खाली एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं पत्र होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. 'वरच्या मजल्यावरच्या बाईंशी माझं गळक्या नळावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. मंगळवारी आम्ही दोघीच अडकलो. दहा मिनिटं दोघी गप्प. मग पाटी वाचून त्यांनी खरंच केस सारखे केले. मी म्हटलं, भांग वाकडा आहे. तुमचा माणूस येईपर्यंत नळाचा विषय मिटला होता. त्याने जरा उशिराच दार उघडलं तरी चाललं असतं.'

बाईंनी फाईल मिटली. "या आठवड्यात सात ठिकाणी लिफ्ट अडकली," त्या म्हणाल्या. "एरवी दार उघडलं की लोक मेकॅनिकच्या अंगावर जातात. या वेळी एकानेही आरडाओरडा केला नाही. मेकॅनिकने मला विचारलं, काय जादू केलीत? मला माहीत नव्हतं." त्यांनी पाटी बाजूला सरकवली. "वाक्य राहू दे. विम्यावाल्यांकडची पाटी काढा, त्यांना साधी द्या. आणि आरसे किती लागतील, ते मोजा."

पत्रवालीने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात बाईंनी कपाटातून एक जाडजूड बाड काढून साहेबांपुढे आपटलं. मेकॅनिक लोकांसाठी लिहिलेलं माहितीपुस्तक, सहाशे पानांचं, कंपनीतल्या नऊ इंजिनिअरांनी मिळून लिहिलेलं.

"हे छापायला जायचंय. मी चाळलं. मला ताप आला. हे वाचाल?"

साहेबांनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. आणि भरल्या ताटावर बसलेल्या भुकेल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "सगळं?"

"सगळं. वरच्या मजल्यावर खोली देते. पत्रांचं काम या बघतील. सही यांचीच."

"पण बाई," पत्रवालीला राहवेना, "माझ्या अहवालात लिहिलंय की देखरेखीशिवाय..."

साहेबांनी हात पुढे केला. "अहवाल आणा," ते म्हणाले.

तिने खाली जाऊन आणला. बाईंच्याच टेबलावर साहेबांनी तो पसरला आणि पट्टीशिवाय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, स्वतःचंच लिखाण लाल पेनाने खोडलं. समासात लिहिलं: 'एक चूक. खरी. बाकी सर्व तपासणाऱ्याच्या सोयीसाठी.' आणि सही केली.

विमा कचेरीत साधी पाटी जेमतेम चार दिवस टिकली. मग तिथल्याच कर्मचाऱ्यांनी अर्ज केला की शेजारच्या इमारतीत आहे तशी पाटी आम्हालाही हवी, आणि व्यवस्थापकाने कपाळाला आठ्या घालून का होईना त्यावर शिफारस लिहिली. आरसे एकशे सत्तावीस लागले. केस नसलेल्या गृहस्थांना पत्रवालीने स्वतःच्या सहीने उत्तर पाठवलं की त्यांनी तेवढ्या वेळात कॉलर सारखी करावी. ते पत्र पाठवण्याआधी तिने पाच वेळा वाचलं. मामांनी तिला 'अगदी साहेबांसारखं चाललंय' असं बोलूनही दाखवलं, तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली.

साहेब वरच्या मजल्यावर गेले. त्यांच्या हाताखाली आता कुणी माणूस नव्हता आणि त्यामुळे सगळीच माणसं त्यांच्याशी बरी बोलू लागली. चार वाजता चहाच्या वेळी पत्रवालीच्या टेबलावरचा फोन वाजायचा. मामा खुर्ची पुढे ओढून घेत, आणि ती फोनचा आवाज मोठा करायची.

"पान दोनशे अकरा," एके दिवशी साहेबांचा आवाज आला. "ऐका. 'दर तीन महिन्यांनी सर्व चाकांना वांगे लावावे.' वांगे! वंगण हो, वंगण!"

मामांना ठसका लागला. साहेबांनी मात्र जरा खालच्या आवाजात विचारलं, "अहो, मला एक सांगा. ही इंजिनिअर मंडळी हे मुद्दाम तर करत नसतील? माझ्यासाठी?"

"छे हो सर," पत्रवाली म्हणाली. "ते मनापासून लिहितात."

"नक्की?"

"नक्की सर. पुढचं वाचा."